क्लॅरेंडन : ओळीत बसणारे ठळक अक्षर

पायका_बारा (धागाकर्ता)

शब्दकोशाचे पान उघडले की नजर डाव्या कडेच्या ठळक शब्दांवरून खाली सरकत जाते आणि हवा तो शब्द दिसताच थांबते. मूळ शब्द ठळक आणि त्याचा अर्थ साध्या अक्षरांत ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी तरी, केव्हा तरी, विचारपूर्वक घडवलेली असेल हे सहसा मनात येत नाही. इंग्रजी मुद्रणात ही सोय रुजवण्याचे मोठे श्रेय ‘क्लॅरेंडन’ या टाइपकडे जाते. पुस्तकांची पाने जुळवण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे आणि या टाइपकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

हा टाइप १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत तयार झाला. रॉबर्ट बेझ्ली हे त्या कारखान्याचे भागीदार होते आणि पोलादी पंच, म्हणजे ज्यांवरून अक्षरांचे साचे काढतात ते ठसे, कोरण्याचे काम बेंजामिन फॉक्स यांनी केले. बेझ्ली १८२६ मध्ये विल्यम थॉरोगुड यांच्या या कारखान्यात आले, १८३८ मध्ये भागीदार झाले आणि पुढे १८६९ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयरही झाले. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसवरून टाइपाला हे नाव दिले गेले असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटनमध्ये १८४२ साली आलेल्या अलंकारिक रचनांच्या कायद्याखाली बेझ्ली यांनी या टाइपाची नोंदणी केली. त्या कायद्याचे संरक्षण तीनच वर्षांचे होते. ती मुदत संपताच इतर कारखान्यांनी तशाच घडणीचे टाइप बाजारात आणले आणि थोड्याच काळात क्लॅरेंडन हे एका कारखान्याच्या मालाचे नाव न राहता एका जातीचे नाव झाले.

त्या वेळची गरज काय होती हे पाहिल्याशिवाय या टाइपाचे मोल कळत नाही. चालू मजकुरातील एखादा शब्द वेगळा दाखवायचा असेल, तर तोपर्यंत जुळाऱ्याच्या हाताशी तिरपी अक्षरे, लहान आकाराची कॅपिटल्स किंवा जुन्या वळणाची काळी ‘ब्लॅकलेटर’ अक्षरे एवढेच पर्याय होते. जाड अक्षरे उपलब्ध होती, परंतु ती भिंतीवरच्या जाहिरातींसाठी घडवलेली होती. ती मजकुराच्या ओळीत बसवली की ओळ तिथेच फुगत असे आणि वाचणाऱ्याची नजर अडखळत असे. क्लॅरेंडन मात्र सुरुवातीपासून साध्या रोमन टाइपाच्या शेजारी उभे राहण्यासाठी आखलेला होता. त्याची अक्षरे रुंदीला किंचित आवळलेली होती, त्यामुळे ठळक शब्द फार जागा खात नसे. त्याची बैठक साध्या टाइपाशी जुळणारी होती, त्यामुळे कोश, वेळापत्रके, सूची आणि पाठ्यपुस्तके यांत दोन्ही टाइप एकाच ओळीत सुखाने नांदू लागले.

आता त्याच्या घडणीविषयी. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला असलेली आडवी पाटी. क्लॅरेंडनमध्ये ही पाटी जाड असते आणि उभ्या दांड्याला ती काटकोनात चिकटवलेली नसते. दांडा खाली येताना दोन्ही बाजूंना हलके वळण घेत पाटीत मिसळतो. जाड आणि बारीक रेषांत फरक आहे, पण तो माफक आहे. ‘ए’, ‘सी’, ‘एफ’, ‘आर’ या लहान अक्षरांच्या टोकाला टपोरा गोल थेंब असतो. मोठ्या ‘आर’चा पाय बाहेर येऊन टोकाशी वर वळतो, आणि एखादा छापील नमुना क्लॅरेंडन जातीचा आहे का हे ओळखताना मी सर्वप्रथम तो पाय पाहतो. हे सर्व तपशील दिसायला शोभेचे वाटतात, तरी त्यांतील बहुतेकांना कामाचे कारण आहे. शिसे मऊ असते. बारीक, सडपातळ सेरिफ दाबाखाली झिजते किंवा तुटते. सांध्यावरचे वळण त्या पाटीला खालून आधार देते, आणि माफक फरकामुळे बारीक रेषाही पुरेशी भक्कम राहते.

या टाइपाची किमया तो कमी ओरडतो यात आहे, असे माझे मत आहे. ठळक असूनही शेजारच्या साध्या अक्षरांशी त्याचे नाते तुटत नाही. मराठी मुद्रणात आपण ठळक अक्षर वापरताना हे नाते जपतो का, हा प्रश्न मला या निमित्ताने मांडायचा आहे. जाणकारांनी आपापल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

चिकित्सक

लेख आवडला. एका ठिकाणी मात्र थोडी पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. ठळक सेरिफ टाइपाची कथा १८४५ मध्ये सुरू होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच रॉबर्ट थॉर्न यांनी ‘फॅट फेस’ म्हणून ओळखले जाणारे अतिजाड टाइप प्रचारात आणले होते, आणि ते काम याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीतले. लंडनच्या सरकारी लॉटरीच्या जाहिराती अशाच फुगीर अक्षरांत छापल्या जात. थॉर्न १८२० मध्ये वारले, तेव्हा थॉरोगुड यांनी लॉटरीत जिंकलेल्या पैशातून तो कारखाना विकत घेतला असे सांगतात. त्याआधीच व्हिन्सेंट फिगिन्स यांचा ‘अँटिक’ हा जाड पाट्यांचा टाइप १८१० च्या दशकात आलेलाच होता. म्हणजे क्लॅरेंडनच्या आधी किमान तीन दशके जाड अक्षरांची परंपरा चालू होती. त्याला नव्या परंपरेचा आरंभ म्हणण्यापेक्षा जुन्या परंपरेतील सुधारणा म्हणणे अधिक योग्य होणार नाही का?

दुसरी शंका अशी की फिगिन्स यांचा ‘अँटिक’ आणि क्लॅरेंडन यांत सामान्य वाचकाला फरक कसा ओळखता येईल? दोन्हींच्या पाट्या जाडच आहेत.

पायका_बारा

आपली पुस्ती योग्य आहे आणि मी ती स्वीकारतो. घडणीच्या दृष्टीने क्लॅरेंडन आधीच्या जाड टाइपांचाच वंशज आहे. मी ज्या गोष्टीला महत्त्व देतो ती वापराची आहे. फॅट फेसमध्ये उभे दांडे कमालीचे जाड आणि आडव्या रेषा केसासारख्या बारीक असत. दहा हात लांबून पाहताना तो विरोध प्रभावी दिसतो, परंतु पुस्तकाच्या आकारात त्या बारीक रेषा नाहीशा होतात आणि उरतात ते काळे ठोकळे. ‘अँटिक’मध्ये सगळ्या रेषा जवळपास सारख्याच जाड असतात आणि पाट्या दांड्याला काटकोनात भिडतात. त्यामुळे तो भक्कम असला तरी मजकुराच्या ओळीत जड पडतो.

ओळखण्याची खूण विचारलीत, तर दांडा आणि पाटी यांच्या सांध्याकडे पाहावे. तिथे सुताराने गुण्या लावल्यासारखा कोपरा असेल तर तो अँटिक किंवा इजिप्शियन, म्हणजे चौकोनी जाड पाट्यांच्या, घराण्यातला. सांधा वळणदार असेल आणि गोल थेंब दिसत असतील, तर क्लॅरेंडन. अपवाद आढळतात आणि जुन्या कारखान्यांनी नावे देताना फारशी शिस्त पाळलेली नाही. ‘आयोनिक’ नावाने विकले गेलेले कित्येक टाइप क्लॅरेंडनचे सख्खे भाऊ शोभावेत असे आहेत.

याच आयोनिक शाखेचा एक वारस आपल्या सर्वांच्या अप्रत्यक्ष परिचयाचा आहे. लिनोटाइप कंपनीने १९२५ मध्ये ‘आयोनिक नं. ५’ हा टाइप खास वर्तमानपत्रांसाठी आणला. वेगाने फिरणारी यंत्रे, हलका कागद आणि पातळ शाई यांच्या मेळात लहान अक्षरांची पोटे, म्हणजे अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा, बुजत असत. म्हणून या टाइपात पोटे मोकळी ठेवली होती आणि बारीक रेषा मुद्दाम भरदार केल्या होत्या. त्यानंतर १९३१ मध्ये ‘एक्सेल्सियर’ आणि १९४१ मध्ये ‘कोरोना’ हे टाइप त्याच विचारातून आले. विसाव्या शतकातील इंग्रजी वर्तमानपत्रांचा मोठा भाग या वळणाच्या अक्षरांत वाचला गेला.

गॅलीवाले

आमचा सांगलीकडे छापखाना होता. वडिलांच्या हाताखाली मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवायला शिकलो आणि ट्रेडल यंत्र बंद होईपर्यंत ते काम केले. आमच्याकडे मुख्य काम मराठीचे असले तरी इंग्रजीचे दोन-तीन टाइप ठेवावे लागत, कारण लेटरहेड, पावतीपुस्तके आणि दुकानांची बिले यांवर इंग्रजी नाव हवेच असे. त्यांतील एका केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, जाड सेरिफचा टाइप होता. त्याचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला नुसते ‘ब्लॅक’ म्हणत असू. या धाग्यातील वर्णन वाचल्यावर तो क्लॅरेंडन जातीचाच असावा असे वाटते, कारण त्यातील मोठ्या ‘आर’चा वर वळलेला पाय मला स्पष्ट आठवतो.

तो टाइप वडिलांना प्रिय होता आणि त्याचे कारण केवळ दिसण्याचे नव्हते. पावतीपुस्तकाचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची चौकट, एकदा आवळला की त्यावर हजारो छाप निघत. नाजूक टाइपांच्या बारीक रेषा त्या रगड्यात लवकर झिजत आणि मग एखादे अक्षर अर्धवट उमटू लागे. या टाइपाची अक्षरे वर्षानुवर्षे तशीच धारदार राहिली. धागाकर्त्यांनी सेरिफच्या सांध्याविषयी जे लिहिले आहे, ते मी बोटांनी अनुभवलेले आहे.

मराठीच्या बाबतीत आमची मोठी अडचण शिरोरेषेची होती. साधा टाइप एका कारखान्याचा आणि ब्लॅक दुसऱ्याचा असेल, तर दोन्ही बारा पॉइंटांचे असूनही शिरोरेषा एका पातळीवर येत नसे. ओळीच्या मध्ये ठळक शब्द आला की तिथे पायरी दिसे. मग वडील त्या शब्दाच्या खिळ्यांखाली किंवा वर पातळ कागदाच्या पट्ट्या सारून ती पायरी कमी करण्याचा प्रयत्न करीत. एका शब्दासाठी पाव तास गेलेला मी पाहिला आहे. इंग्रजी अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, आपली अक्षरे वरच्या रेषेला लोंबतात, आणि ती रेषा सलग दिसते. त्यामुळे इंग्रजीत खपून जाणारा सुतभर फरक मराठीत लगेच डोळ्यांत भरतो. साधा आणि ठळक हे दोन्ही टाइप एकाच हाताने, एकाच मापावर घडवलेले असणे मराठीला इंग्रजीपेक्षा अधिक गरजेचे आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने जे नाव मिळवले त्यामागेही हेच होते असे वडील म्हणत. जावजी दादाजी यांनी १८६० च्या दशकात टाइप ओतण्याचे काम सुरू केले आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कोरीव कामातला कसबी कारागीर त्यांना लाभला. त्या टाइपांतील अक्षरांची ठेवण इतकी एकसारखी होती की संस्कृत ग्रंथांच्या छपाईत त्यांचा दबदबा दीर्घकाळ राहिला.

दूरदेशी_वाटसरू

मी गेली बरीच वर्षे अमेरिकेत राहतो, म्हणून या टाइपाच्या वेगळ्या वापराविषयी लिहितो. इथल्या राष्ट्रीय उद्यानांत मोटारीने शिरले की तपकिरी पाट्यांवर पांढऱ्या अक्षरांत ठिकाणांची नावे दिसतात. महामार्गावरच्या सरळसोट, बिनसेरिफ अक्षरांपेक्षा ही अक्षरे वेगळी असतात, आणि आपण उद्यानाच्या हद्दीत आलो हे फलकाचा मजकूर वाचण्याआधीच कळते. ती अक्षरे क्लॅरेंडनची. पुढे रस्त्यांच्या फलकांसाठी २००० च्या सुमारास ‘रॉलिन्सन रोडवे’ हा नवा टाइप जेम्स मोन्टॅल्बानो यांच्याकडून करून घेण्यात आला, आणि नव्या फलकांवर तो दिसू लागला.

बदलाचे कारण या चर्चेशी थेट जोडलेले आहे. रात्री मोटारीच्या दिव्यांचा प्रकाश पाट्यांवर पडला की परावर्तक पांढरी अक्षरे तेजाळतात आणि त्यांच्या कडा पसरल्यासारख्या दिसतात. अक्षर मुळातच ठळक असेल, तर त्याचे पोट त्या तेजाने भरून जाते. छपाईत शाई जे करते तेच इथे प्रकाश करतो. शिवाय क्लॅरेंडनची अक्षरे फलकावर रुंदीला जागा घेतात, त्यामुळे लांब नावांसाठी मोठे पत्रे लागतात. नव्या टाइपात सेरिफ आणि ओळखीचे रूप राखून अक्षरे अधिक आटोपशीर आणि आतून मोकळी केलेली आहेत.

इथल्या लोकांच्या मनात या घराण्याची आणखी एक प्रतिमा आहे, ती पश्चिमेकडच्या जुन्या वस्त्यांतील पोस्टरांची. ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखेत उलटा प्रकार असतो. उभे दांडे बारीक असतात, तर वरच्या-खालच्या आडव्या पाट्या प्रचंड जाड. हे टाइप मोठ्या आकारात शिशात ओतणे महाग आणि जड पडले असते, म्हणून ते लाकडात कोरले जात. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस लाकडी टाइप यंत्राने बनवायला सुरुवात केली होती, आणि पुढे विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स या गावी १८८० मध्ये सुरू झालेल्या हॅमिल्टन यांच्या कारखान्याने तो धंदा सर्वदूर नेला. त्या गावात आज लाकडी टाइपांचे संग्रहालय आहे. तिथे उंच मांडण्यांवर ठेवलेली ती अक्षरे हातात घेऊन पाहता आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. तरीही धागाकर्त्यांच्या दृष्टीने पाहता ही शाखा मूळ हेतूपासून पुष्कळ दूर गेलेली आहे, हे मान्य करावे लागेल.

रेषाकाम

मी अक्षररचनेचे काम करते. वरील प्रतिसादांतून जो मुद्दा पुढे आला आहे त्यावर थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

ठळक अक्षर काढणे म्हणजे साध्या अक्षराच्या कडा सगळीकडून सारख्या बाहेर ढकलणे, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात रेषा जाड होते तेव्हा तिला वाढायला जागा कुठून द्यायची हा प्रश्न प्रत्येक अक्षराला वेगळा पडतो. बाहेर वाढवले तर अक्षर रुंद होते, आत वाढवले तर पोट बुजते. क्लॅरेंडनने काढलेला तोडगा मला अतिशय समंजस वाटतो. उभ्या दांड्यांना बरीच जाडी दिली, आडव्या रेषांना थोडीच दिली आणि लहान अक्षरांची उंची भरपूर ठेवली, त्यामुळे पोटाला वर-खाली जागा मिळाली. पुढे लिनोटाइप यंत्रावर ही समस्या आणखी कठीण झाली. त्या यंत्राच्या एकाच पितळी साच्यावर साधे आणि ठळक अशी दोन रूपे कोरलेली असत, त्यामुळे दोन्हींची रुंदी तंतोतंत सारखी असणे भाग होते. दांडा जाड, पण रुंदी तीच, अशा अटीत अक्षर काढणाऱ्यांनी जे कसब दाखवले आहे ते आज संगणकावर काम करतानाही अभ्यासण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या टाइपाकडे पुन्हा लक्ष गेले. स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी हर्मन आयडेनबेन्झ यांनी १९५३ मध्ये नवा क्लॅरेंडन आखला, आणि आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जे रूप येते ते त्याचेच आहे. अमेरिकेत फ्रीमन क्रॉ यांचा ‘क्रॉ क्लॅरेंडन’ १९५५ मध्ये आला. या नव्या रूपांत अक्षरे अधिक रुंद आणि ऐसपैस आहेत. बेझ्ली यांच्या मूळ टाइपात ओळीत बसण्यासाठी जो आवळपणा होता तो इथे सुटला, कारण आता हा टाइप शीर्षके, वेष्टने आणि बोधचिन्हे यांसाठी वापरला जाणार होता. म्हणून जुने आणि नवे क्लॅरेंडन एकच समजून काम करणाऱ्यांची फसगत होते. आयडेनबेन्झ यांचे रूप मजकुराच्या ओळीत टाकले तर ते जागा मागते.

देवनागरीकडे वळते. आपल्या अक्षरांत गाठी आहेत. मराठी वळणाच्या ‘ल’ची दोन पोटे, ‘श’ची गाठ, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची गुंतवळ, ‘ध’ आणि ‘छ’ची वळणे, शिवाय ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ष्ट्र’ यांसारखी जोडाक्षरे, ज्यांत एकाच्या पोटात दुसरे अक्षर सामावलेले असते. यांपैकी प्रत्येकात जाडी वाढवायला जागा अगदी थोडी असते. त्यात शिरोरेषेचा वेगळा प्रश्न आहे. ती अक्षरांच्या प्रमाणातच जाड केली तर ओळीवर काळा पट्टा उमटतो, फारच बारीक ठेवली तर अक्षरे त्या रेषेपासून सुटल्यासारखी दिसतात. माझ्या कामात मी शिरोरेषेला उभ्या दांड्यापेक्षा बरीच कमी जाडी देते. सर्व अक्षरांना एकच माप लावता येत नाही. गाठीच्या जागी रेषा मुद्दाम बारीक करावी लागते, आणि ती बारीक केली आहे हे वाचणाऱ्याला जाणवू नये यातच कौशल्य आहे.

उदाहरणे द्यायची झाल्यास, इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ पाहावा. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांना फॅट फेसचे रूप दिले आहे. मथळ्यासाठी तो देखणा आहे, परंतु त्याचे काम मथळ्यापुरतेच. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ तर देवनागरीत जाडी कुठवर नेता येते याची सीमा दाखवणारा आहे. त्यात अक्षरांतील पांढऱ्या जागा केवळ चिरांइतक्या उरतात आणि तरीही अक्षर ओळखू येते. ओळीत बसणाऱ्या ठळक अक्षरासाठी मात्र मी त्याच संस्थेच्या ‘मुक्ता’कडे बोट दाखवीन. त्यात सात जाडींची रूपे एका कुटुंबासारखी आखलेली आहेत, आणि साध्यातून ठळकात जाताना नजर अडखळत नाही.

प्रूफवाचक

रेषाकाम यांच्या प्रतिसादाने एका जुन्या त्रासाचे कारण मला नेमके कळले. मी कोशांची आणि पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासते. एका प्रकाशनसंस्थेच्या कोशाचे काम आमच्याकडे आले होते. साधा टाइप सुरेख निवडलेला होता, परंतु त्याला स्वतःचे ठळक रूप नव्हते. अक्षरजुळणी करणाऱ्याने संगणकावरचे ठळक करण्याचे बटण दाबले आणि संगणकाने साध्या अक्षराच्या कडा फुगवून एक नकली ठळक रूप तयार केले. पडद्यावर ते चालण्यासारखे दिसले. कागदावर उतरल्यावर ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत फरक उरला नाही, आणि ‘घ’ व ‘ध’ यांचा गोंधळ होऊ लागला. कोशात मूळ शब्दच ठळक असतो, म्हणजे ज्या शब्दाचे शुद्धलेखन पाहण्यासाठी वाचक कोश उघडतो तोच शब्द सर्वांत अस्पष्ट छापला गेला. शेवटी सर्व मूळ शब्दांसाठी वेगळा टाइप निवडून पाने पुन्हा लावावी लागली.

ही चूक आजही सहज होऊ शकते. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा अतिशय सुंदर टाइप सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे आणि ग्रंथांच्या मजकुरासाठी मला तो फार आवडतो. मात्र त्यात साधे आणि तिरपे अशी दोनच रूपे आहेत, ठळक रूप नाही. त्यातील शब्द ठळक केला की दिसते ते संगणकाने फुगवलेले अक्षर असते. ते वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोशांचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक निरीक्षण नोंदवते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यात मूळ शब्द देवनागरीत आणि अर्थ इंग्रजीत आहे. लिपी बदलते तिथेच नजर थांबते, त्यामुळे शब्द शोधताना जाडीचा आधार लागत नाही. मराठीचा अर्थ मराठीतच देणाऱ्या कोशात ही सोय नाहीशी होते आणि संपूर्ण भार ठळक अक्षरावर पडतो. इंग्रजीच्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशालाही तीच गरज होती. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि त्यात मूळ शब्दांसाठी क्लॅरेंडनच वापरला होता. इंग्रजीत निदान तिरप्या अक्षरांची जुनी वहिवाट आहे. व्याकरणाच्या खुणा, उदाहरणे, ग्रंथांची नावे त्यांत जातात आणि ठळक अक्षर मूळ शब्दासाठी राखून ठेवता येते. देवनागरीत तिरपे अक्षर आपल्या वळणातून आलेले नाही आणि अनेकांना ते पडल्यासारखे दिसते. त्यामुळे आपल्याकडे जोर देणे, शब्द निवडून दाखवणे, उपशीर्षक देणे ही सगळी कामे एकट्या ठळक अक्षराला करावी लागतात.

चिकित्सक

प्रूफवाचक यांच्या प्रतिसादाने माझी मूळ शंका बरीचशी मिटली. क्लॅरेंडनला ‘सुधारणा’ म्हणताना मी घडणीकडे पाहत होतो. ऑक्सफर्डचा कोश त्याने पेलला असेल, तर वापरात त्याने खरोखरच नवे दालन उघडले असे म्हणायला हरकत नाही.

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. मराठी मजकुरात इंग्रजी शब्द ठळक करायचे असतील तर क्लॅरेंडन जातीचा कोणता टाइप घ्यावा, आणि तो देवनागरीशेजारी शोभेल का?

पायका_बारा

मूळ रूपाच्या जवळ जाणारा आणि विनामूल्य मिळणारा ‘बेझ्ली’ नावाचा टाइप आहे. ‘इन्डिस्ट्रक्टिबल टाइप’ या संस्थेसाठी ओवेन अर्ल यांनी तो केला आहे आणि त्यात साध्यापासून अतिजाडपर्यंतची रूपे मिळतात. शोभेल का, याचे उत्तर शेजारच्या देवनागरीवर अवलंबून आहे. ‘मुक्ता’सारख्या एकसारख्या जाडीच्या देवनागरीशेजारी क्लॅरेंडनचे थेंब आणि पाट्या उपऱ्या वाटतात, तिथे बिनसेरिफ रोमनच बरे. देवनागरीत जाड-बारीक रेषांचा फरक माफक असेल आणि टोके भरदार असतील, तर मात्र जोडी जमते. रोमन अक्षरे देवनागरीच्या मानाने मोठी दिसतात, म्हणून मी त्यांचा आकार अर्धा ते एक पॉइंट कमी करतो आणि मगच जाडी जुळते का ते पाहतो.

गॅलीवाले यांनी शिरोरेषेविषयी जे लिहिले त्यावरून एक कसोटी सुचली आणि ती मी काल करून पाहिली. ‘राष्ट्र, श्रद्धा, ब्रह्म, लक्ष, ज्ञान, छंद’ हे शब्द एका ओळीत एकाआड एक साधे आणि ठळक लावले, नऊ पॉइंटांत साध्या कागदावर छापले आणि शिरोरेषेवर पट्टी ठेवली. माझ्याकडील सहा टाइपांपैकी दोघांत पायरी दिसली आणि एकात ‘ह्म’चे पोट पूर्ण बुजले. रेषाकाम यांना विनंती आहे की त्यांनी या शब्दांत आणखी कोणती जोडाक्षरे घालावीत ते कळवावे. मी उरलेले टाइप त्या यादीवर तपासून निष्कर्ष याच धाग्यावर टाकीन.

रेषाकाम

‘द्वंद्व’, ‘उद्ध्वस्त’, ‘शुद्धी’ आणि ‘कृष्ण’ हे शब्द घ्यावेत. ‘उद्ध्वस्त’मध्ये तीन व्यंजने एकाखाली एक येतात आणि नकली ठळक रूप तिथे हमखास उघडे पडते. छपाई लेझर प्रिंटरवर करणार असाल तर एक प्रत वर्तमानपत्री कागदावरही काढून पाहावी, कारण शाई कुठे पसरते ते गुळगुळीत कागदावर कळत नाही.